सांगणारा आणि लिहिणारा : पंचवटी परिसरातील परीक्षा-सवलतींचा इतिहास

गोदावरीच्या डाव्या तीरावरील पंचवटी हा आज नाशिक महानगराचा एक भाग असला, तरी विद्येच्या इतिहासात त्याची ओळख दोन वेगळ्या परंपरांनी घडलेली आहे. क्षेत्राच्या आश्रयाने वाढलेली वेदपाठशाळांची मौखिक परंपरा ही त्यांतील पहिली, आणि इंग्रजी अमदानीत मुंबई विद्यापीठाबरोबर आलेली, पुढे शाळा, कनिष्ठ महाविद्यालये आणि तंत्रनिकेतने यांच्या रूपाने पंचवटीभर पसरलेली लेखी परीक्षेची परंपरा ही दुसरी. अंध, कर्णबधिर, हाताने लिहू न शकणाऱ्या किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेत ज्या सोयी दिल्या जातात, म्हणजे उत्तरे लिहून देणारा लेखनिक, तासामागे काही मिनिटांचा वाढीव वेळ, एखाद्या भाषेतून किंवा विषयातून सूट, मोठ्या टायपातील प्रश्नपत्रिका, त्यांना महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे ‘सवलती’ म्हटले जाते. या सवलतींचा इतिहास दयेच्या किंवा औदार्याच्या इतिहासाचा एक अध्याय म्हणून सांगण्याची प्रथा आहे. परंतु तो प्रत्यक्षात परीक्षेच्या इतिहासाचा भाग आहे, आणि तसा वाचल्याशिवाय शाळा संपून महाविद्यालय सुरू होण्याच्या टप्प्यावर, म्हणजे अकरावी-बारावीत, या सवलतींची साखळी का तुटते हे कळत नाही.

वेदपाठशाळेतील अध्ययन संथेवर चालत असे. गुरूने ऋचेचा अंश उच्चारायचा, शिष्याने तो ठरलेल्या संख्येने पुन्हा म्हणायचा, आणि संहितापाठ झाल्यावर पद, क्रम, जटा, घन अशा चढत्या क्रमाने तेच शब्द उलटसुलट गुंफून पाठ करायचे, अशी ही पद्धत असून तिच्यात कान, जीभ आणि स्मृती ही तीनच साधने कामाची होती. परीक्षाही मौखिकच असे: विद्वानांच्या सभेत कोणत्याही स्थळापासून म्हणण्यास सांगितले की विद्यार्थ्याने न अडखळता म्हणून दाखवायचे. अशा व्यवस्थेत दृष्टी नसणे किंवा हाताला लेखणी न धरता येणे ही मूलतः अध्ययनातील अडचण ठरत नव्हती, आणि पारंपरिक समाजात प्रज्ञाचक्षू म्हणून गौरवलेले विद्वान, कीर्तनकार व गायक निर्माण होऊ शकले याचे एक कारण हेच होते. मात्र या व्यवस्थेचे दार दुसऱ्या कुलपांनी बंद होते. जात आणि लिंग यांच्या आधारे बहुसंख्य समाज त्या दाराबाहेरच राहिला, आणि सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधविलेल्या पंचवटीतील काळाराम मंदिरासमोर २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाड यांच्या संघटनाने जो सत्याग्रह सुरू झाला, तो प्रवेशाचा हक्क याच परिसरात किती काळ आणि किती कठोरपणे नाकारला गेला याची साक्ष देतो. अस्पृश्यतेचा प्रश्न आणि दिव्यांगत्वाचा प्रश्न एकच नव्हेत. त्यांची कारणे वेगळी आहेत आणि वेदनाही वेगळ्या आहेत. तरीही ज्या व्यक्तीला आत जाता येत नाही तिची पात्रता तपासण्याआधी दाराची घडण तपासली पाहिजे, हा विचार पंचवटीच्या इतिहासाला परका नाही.

एकाने सांगावे आणि दुसऱ्याने लिहावे ही रीत मराठी वाङ्मयाच्या आरंभाइतकी जुनी आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, हे परंपरेने मानलेले सत्य असून ग्रंथाच्या शेवटी या लेखकाचा उल्लेख आदराने आलेला आहे. ज्ञानेश्वर दृष्टिहीन नव्हते. सांगून लिहविणे ही त्या काळी ग्रंथरचनेची एक स्वाभाविक पद्धत होती, आणि लिहिणाऱ्यामुळे सांगणाऱ्याच्या कर्तृत्वात काही उणेपणा येतो अशी शंका कोणाच्या मनात आली नाही. पुढे विदर्भातील गुलाबराव महाराजांच्या बाबतीत ही रीत गरजेची बनली. १८८१ मध्ये जन्मलेल्या आणि तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या या तत्त्वचिंतकाने १९१५ मध्ये देह ठेवण्यापूर्वी शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ व प्रकरणे सांगितली आणि त्यांच्या शिष्यांनी ती लिहून घेतली. हे वाङ्मय गुलाबराव महाराजांचेच आहे याविषयी कोणी कधी पुरावा मागितला नाही. हीच रीत परीक्षेच्या दालनात शिरल्यावर मात्र संशयाचा विषय झाली.

हा बदल घडण्याचे मूळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात सापडते. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. मॅट्रिक्युलेशन, म्हणजे मराठीत रूढ झालेली ‘मॅट्रिक’, ही शाळा सोडल्याची परीक्षा नसून महाविद्यालयात प्रवेश मिळण्यास योग्य ठरविणारी परीक्षा होती आणि ती विद्यापीठच घेत असे. शेकडो, पुढे हजारो अपरिचित विद्यार्थ्यांना एकाच मापाने मोजायचे, तर एकच प्रश्नपत्रिका, एकच घड्याळ आणि प्रत्येकाच्या हाताने लिहिलेली उत्तरपत्रिका हा प्रशासनाच्या दृष्टीने सोयीचा मार्ग होता. त्यातून ज्ञान तपासण्याचे साधन असलेले हस्तलेखन हळूहळू ज्ञानाची अटच होऊन बसले. तीन तासांत विशिष्ट पाने भरू न शकणारा विद्यार्थी विषय जाणत असला तरी अनुत्तीर्ण ठरू लागला. गोखले एज्युकेशन सोसायटीने १९२४ मध्ये नाशिकला महाविद्यालय काढले, तेच पुढे हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. त्यामुळे पंचवटीच्या मुलांना उच्च शिक्षणासाठी पुण्या-मुंबईची वाट धरण्याची सक्ती उरली नाही, परंतु महाविद्यालयाच्या दारावरील परीक्षा तीच राहिली.

लेखी परीक्षेच्या या जगाबाहेर, त्याच काळात, विशेष शाळांचे एक निराळे जग उभे राहत होते. मुंबईत १८८५ च्या सुमारास कर्णबधिरांसाठी संस्था निघाली. १९०० मध्ये, दुष्काळाच्या छायेत, अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी अंध मुलांची शाळा सुरू केली, तीच आज दादरची कमला मेहता अंध शाळा होय. पुण्यात १९३४ मध्ये अंधशाळा स्थापन झाली. सहा उठावाच्या ठिपक्यांची ब्रेल लिपी या शाळांनी शिकवली, परंतु भारतीय भाषांसाठी निरनिराळ्या ब्रेल पद्धती प्रचारात असल्याने पुस्तके तुटपुंजी राहिली, आणि १९५१ मध्ये भारती ब्रेल ही समान पद्धत स्वीकारली गेल्यानंतरच हा गोंधळ ओसरू लागला. या शाळांचा भर दीर्घकाळ खुर्च्या विणणे, हातमाग आणि संगीत यांवर होता. मुलाने पोट भरण्याइतके शिकावे हा हेतू प्रामाणिक होता, पण त्यात महाविद्यालयाची कल्पना क्वचितच होती. विशेष शाळेतील मूल मॅट्रिकला बसू लागले, तेव्हा त्याची ब्रेल उत्तरपत्रिका तपासणारा परीक्षक मिळेना, आणि म्हणून लेखनिक आवश्यक झाला. लेखनिक ही प्रथा विद्यार्थ्याच्या उणिवेतून जितकी जन्मली तितकीच परीक्षा घेणाऱ्यांच्या ब्रेल-निरक्षरतेतून जन्मली, ही गोष्ट सहसा नोंदवली जात नाही.

परीक्षेच्या दालनात लेखनिक काय करतो, याचे वर्णन नियमांच्या पुस्तकांत चार ओळींत आटोपते, परंतु प्रत्यक्ष काम बरेच सूक्ष्म आहे. परीक्षार्थी आणि लेखनिक यांना स्वतंत्र खोलीत बसवले जाते, कारण मोठ्याने सांगितलेले उत्तर इतरांच्या कानी पडू नये. तेथे एक पर्यवेक्षक सतत हजर असतो. लेखनिक प्रथम प्रश्नपत्रिका वाचून दाखवतो, परीक्षार्थी सोडवण्याचा क्रम ठरवतो, मग उत्तर सांगू लागतो. सांगण्याचा वेग लिहिण्याच्या वेगापेक्षा नेहमीच अधिक असल्याने सांगणाऱ्याला दर वाक्यानंतर थांबावे लागते, आधीच्या वाक्याचा धागा मनात धरून पुढचे वाक्य जुळवावे लागते, आणि मध्येच मागे जाऊन काय लिहिले गेले हे वाचून घ्यावे लागते. स्वतः लिहिणारा विद्यार्थी पानावर नजर टाकून जे एका क्षणात करतो, त्यासाठी येथे दोघांचा संवाद खर्ची पडतो. मराठीच्या उत्तरात ऱ्हस्व-दीर्घ कोणाचे, सांगणाऱ्याचे की लिहिणाऱ्याचे, हा प्रश्न उभा राहतो. संस्कृतमधील जोडाक्षरे, गणितातील कंस आणि घातांक, भूगोलाचा नकाशा, रसायनशास्त्राची समीकरणे ही तर तोंडाने सांगून दुसऱ्याच्या हातून उतरवून घेणे ही स्वतंत्र कला आहे, आणि ती परीक्षेच्या दिवशी प्रथमच भेटलेल्या दोन मुलांना साधणे जवळजवळ अशक्य असते. तासामागे वीस मिनिटे वाढीव वेळ देण्याचा जो नियम पुढे सर्वत्र मान्य झाला, तो या संवादाची किंमत मोजण्याचा प्रयत्न आहे. तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला त्यामुळे चार तास मिळतात; त्याला अनाठायी लाभ समजणाऱ्यांनी ही खोली आतून पाहिलेली नसते.

संशयाने या प्रथेला पहिल्यापासून वेढले. लेखनिकाने स्वतःच्या बुद्धीने उत्तरे लिहू नयेत म्हणून तो परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतील असावा, अशी अट राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षांत रूढ झाली. दहावीच्या परीक्षार्थीला आठवी-नववीतील, बारावीच्या परीक्षार्थीला अकरावीतील किंवा त्याखालचा मुलगा अथवा मुलगी शोधावी लागते. अट दिसायला रास्त आहे. परंतु तिचा परिणाम असा की विषय जितका अवघड, तितका लिहिणारा त्या विषयाशी अपरिचित. बारावीचे भौतिकशास्त्र सांगणाऱ्या विद्यार्थ्याने समाकलनाचे चिन्ह कसे काढायचे हे ते कधीही न पाहिलेल्या मुलाला शिकवत उत्तर द्यावे, अशी ही अपेक्षा आहे. केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २६ फेब्रुवारी २०१३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत या संशयाला प्रथमच ठाम उत्तर दिले गेले: लेखनिकाच्या शिक्षणावर, गुणांवर किंवा वयावर मर्यादा घालू नये, त्याऐवजी पर्यवेक्षण कडक करावे, परीक्षार्थीला स्वतःचा लेखनिक निवडता यावा, आणि ब्रेल, संगणक, मोठा टाइप किंवा उत्तरांचे ध्वनिमुद्रण यांपैकी माध्यम निवडण्याचीही मुभा असावी. हा या विषयातील सर्वांत सुजाण दस्तऐवज होय. दुर्दैवाने २९ ऑगस्ट २०१८ च्या सुधारित सूचनांत, परीक्षार्थीने स्वतः आणलेला लेखनिक शिक्षणाने एक पायरी खालचा असावा, ही अट परत आली. गैरप्रकारांची भीती खरी असेल, पण ती दूर करण्याचा भार पर्यवेक्षकावरून उचलून पुन्हा परीक्षार्थीवर ठेवला गेला, हे या माघारीचे खरे स्वरूप आहे.

या पार्श्वभूमीवर अकरावी-बारावीचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहावा लागतो, कारण महाराष्ट्रात शालेय वयाची मुले महाविद्यालयात शिकण्याची व्यवस्था अपवाद नसून नियम आहे. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर नाशिकची महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली; त्या वेळी अकरा वर्षांचे शालेय शिक्षण संपवून एस.एस.सी. झालेला सोळा-सतरा वर्षांचा विद्यार्थी थेट विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात दाखल होत असे आणि सर्व बाबतींत विद्यापीठाचाच विद्यार्थी गणला जात असे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाच्या शिफारशींनुसार दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध आला, १९७५ मध्ये महाराष्ट्रात नव्या पद्धतीची दहावीची पहिली परीक्षा झाली, आणि मधली दोन वर्षे ‘कनिष्ठ महाविद्यालय’ या नव्या नावाखाली उभी राहिली. या वर्गांची परीक्षा, अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्र १ जानेवारी १९६६ रोजी अस्तित्वात आलेल्या राज्य मंडळाकडे गेले. पण वर्ग मात्र बहुतांशी होते तेथेच, म्हणजे वरिष्ठ महाविद्यालयांच्या इमारतींत, त्यांच्याच प्राचार्यांच्या देखरेखीखाली राहिले. काही ठिकाणी ते माध्यमिक शाळांना जोडले गेले, काही ठिकाणी स्वतंत्र कनिष्ठ महाविद्यालये निघाली. पंचवटीत भाऊसाहेब हिरे यांनी स्थापलेल्या महात्मा गांधी विद्यामंदिर संस्थेचे लोकनेते व्यंकटराव हिरे महाविद्यालय आणि अमृतधाम परिसरातील क. का. वाघ शिक्षणसंस्थेचे विस्तीर्ण संकुल ही या घडणीची परिचित उदाहरणे आहेत: एकाच संस्थेच्या छत्राखाली दहावीनंतरच्या मुलांपासून पदवीधरांपर्यंत सर्व वयांचे विद्यार्थी, परंतु त्यांच्यावर अधिकार चालविणाऱ्या यंत्रणा निरनिराळ्या. अकरावीचा विद्यार्थी राज्य मंडळाच्या नाशिक विभागीय मंडळाचा, पदवीचा विद्यार्थी पुणे विद्यापीठाचा, आणि त्याच वयात दहावीनंतर तंत्रनिकेतनात, म्हणजे तीन वर्षांच्या अभियांत्रिकी पदविकेला, गेलेला विद्यार्थी राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा.

सवलत विद्यार्थ्याला मिळते असे भाषेत म्हटले जाते, पण व्यवस्थेत ती परीक्षेला आणि परीक्षा घेणाऱ्या मंडळाला बांधलेली असते. दहावीला लेखनिक मंजूर करून घेतलेल्या विद्यार्थ्याला बारावीसाठी नव्याने अर्ज करावा लागतो, तंत्रनिकेतनात गेल्यास तिसऱ्या यंत्रणेकडे, वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेला बसल्यास चौथ्या यंत्रणेकडे. प्रत्येक ठिकाणी वैद्यकीय प्रमाणपत्राचा नमुना, मुदत आणि टक्केवारीचा अर्थ वेगळा लावला जाण्याची शक्यता असते. त्यातही विभागीय मंडळाच्या सवलती वार्षिक परीक्षेपुरत्या आहेत; वर्गातील तास, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि घटक चाचण्या यांविषयी कनिष्ठ महाविद्यालयाने काय करावे, हे त्या त्या संस्थेच्या समजुतीवर राहते. अमेरिकेतही शालेय विद्यार्थी महाविद्यालयाचे अभ्यासक्रम घेतात तेव्हा अशीच फट पडते: १९७५ च्या विशेष शिक्षण कायद्याने शाळेवर प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक आराखडा करण्याची जबाबदारी टाकली आहे, तर महाविद्यालयाला १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील आणि १९९० च्या दिव्यांगविषयक कायद्यातील भेदभावबंदी तेवढी लागू होते, आणि तेथे सोय मागण्याचे काम विद्यार्थ्याने स्वतः पुढे होऊन करायचे असते. फरक इतकाच की तेथे हा प्रश्न काही विद्यार्थ्यांचा आहे, आणि महाराष्ट्रात तो बारावीपर्यंत जाणाऱ्या प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा आहे.

अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत ही फट सर्वांत स्पष्ट दिसते. बुद्धी सामान्य किंवा त्याहून अधिक असूनही वाचन, लेखन किंवा गणन यांपैकी एखाद्या कौशल्यात मेंदूच्या विशिष्ट घडणीमुळे सातत्याने अडचण येणे, म्हणजे अध्ययन अक्षमता. वाचनाच्या अडचणीला डिस्लेक्सिया, लेखनाच्या अडचणीला डिस्ग्राफिया आणि गणनाच्या अडचणीला डिस्कॅल्क्युलिया अशी नावे आहेत. महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अशा मुलांना शालान्त परीक्षेत सवलती देण्यास आरंभ केला आणि त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. देशात या विषयाकडे फारसे लक्ष नसताना राज्याने उचललेले हे पाऊल निःसंशय दूरदृष्टीचे होते. परंतु निदानाची आणि अधिकृत प्रमाणपत्राची सोय आरंभी शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या मुंबईतील मोजक्या सार्वजनिक रुग्णालयांतच एकवटलेली होती. १९७५ मध्ये सुरू झालेली आणि पंचवटीचेच नाव धारण करणारी एक्सप्रेस गाडी पहाटे मनमाडहून निघून नाशिक रोडमार्गे मुंबईला जाते. चाकरमान्यांची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अशा गाड्यांच्या भरवशावरच मुंबईबाहेरच्या पालकांना मुलाची बुद्ध्यंक चाचणी, शैक्षणिक चाचणी आणि वैद्यकीय तपासणी यांसाठी पुन्हापुन्हा फेऱ्या माराव्या लागणे अपरिहार्य होते. ज्या पालकांची मजुरी दिवसावर ठरते त्यांच्या मुलांना ही सवलत कागदावरच राहिली.

या सवलतींतील एका तरतुदीचा दूरगामी परिणाम विशेष विचारात घेण्याजोगा आहे. दहावीच्या बीजगणित व भूमितीऐवजी सातवीच्या स्तरावरील अंकगणित आणि कार्यानुभव घेण्याची मुभा अध्ययन अक्षम विद्यार्थ्याला देण्यात आली. गणनाची गंभीर अडचण असलेल्या मुलाला तिने शाळेतून बाहेर फेकले जाण्यापासून वाचवले, हे खरे. परंतु अडचण केवळ लेखनाची असलेल्या, गणित समजणाऱ्या मुलाला वाढीव वेळ आणि लेखनिक देण्याऐवजी शाळेने हाच सोपा मार्ग सुचवला, तर दहावीनंतर विज्ञान शाखा, तंत्रनिकेतन आणि गणितावर उभे असलेले इतर मार्ग त्याच्यासाठी अवघड होऊन बसतात. शाळेचा निकाल सुधारणारी सूट पुढच्या पायरीवर विद्यार्थ्याच्या आड येते. सोय म्हणजे त्याच ज्ञानापर्यंत पोचण्याची दुसरी वाट, आणि सूट म्हणजे त्या ज्ञानाचीच मागणी सोडून देणे. या दोहोंतील भेद शासन निर्णयांच्या भाषेत ‘सवलत’ या एका सदराखाली पुसला गेला, आणि त्याची किंमत कनिष्ठ महाविद्यालयाच्या दारात मोजावी लागली.

कर्णबधिर विद्यार्थ्यांची स्थिती आणखी निराळी आहे, कारण त्यांची अडचण परीक्षेच्या तीन तासांत मुळी नसतेच. नाशिकमध्ये माई लेले श्रवण विकास विद्यालयासारख्या शाळांनी श्रवणयंत्र, ओठवाचन आणि चिकाटीचे वाचाप्रशिक्षण यांच्या बळावर मुलांना भाषेपर्यंत आणले. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये सुरू केलेले प्रबोधिनी विद्यामंदिर, आणि दृष्टिहीनांसाठी सातपूर येथून काम करणारी राष्ट्रीय अंध संघाची, म्हणजे नॅबची, महाराष्ट्र शाखा यांच्यामुळे नाशिक हे या क्षेत्रातील राज्यातील एक महत्त्वाचे केंद्र बनले. परंतु लहान वर्गात, प्रशिक्षित शिक्षकासमोर बसून शिकलेले कर्णबधिर मूल जेव्हा भरगच्च वर्गाच्या कनिष्ठ महाविद्यालयात जाते, तेव्हा फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या अध्यापकाचे ओठ त्याला दिसत नाहीत, आणि सांकेतिक भाषेचा दुभाषी तेथे नसतो. परीक्षेतील वाढीव वेळ आणि भाषेतील सूट त्याला मिळते, पण ज्या वर्षभराच्या अध्यापनावर ती परीक्षा आधारलेली आहे, ते अध्यापनच त्याच्यापर्यंत पोचलेले नसते.

शासकीय योजनांचा क्रमही याच टप्प्यावर सर्वांत उशिरा पोचला. १९७४ मध्ये केंद्राने अपंग मुलांसाठी एकात्म शिक्षण योजना सुरू केली, जिच्यात सर्वसाधारण शाळेतील दिव्यांग मुलांना विशेष शिक्षकाची मदत मिळावी हा हेतू होता. सर्व शिक्षा अभियानाने हे काम आठवीपर्यंत नेले. नववी ते बारावीसाठीची समावेशित शिक्षण योजना २००९ मध्ये आली. आणि २०१८ मध्ये समग्र शिक्षा अभियानाने पूर्वप्राथमिकपासून बारावीपर्यंतचा पट्टा प्रथमच एका योजनेखाली आणला. कायद्यांनीही हाच उशीर दाखवला. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने शिक्षणसंस्थांवर अंध व अंशतः अंध विद्यार्थ्यांना लेखनिक उपलब्ध करून देण्याची जबाबदारी टाकली, पण त्याने मान्य केलेल्या सात प्रकारांत अध्ययन अक्षमता नव्हती. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने प्रकारांची संख्या एकवीसवर नेली, अध्ययन अक्षमता त्यांत घातली, किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला, आणि शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत पाच टक्के जागा राखून ठेवण्यास सांगितले. वयाची मर्यादा अठरा असल्याने बारावी या हक्काच्या कक्षेत येते. तरीही मुलाची शालेय हक्कदारी नेमकी कोणी पाळायची, संस्थाचालकांनी, शिक्षण उपसंचालकांनी की विभागीय मंडळाने, याचे उत्तर महाविद्यालयाच्या आवारात आजही एका मुखाने मिळत नाही.

न्यायालयांनी अलीकडे या प्रश्नाचा एक कोपरा उजळला आहे. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकासकुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात, लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या परीक्षार्थीला चाळीस टक्क्यांची अट पुढे करून लेखनिक नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत डिस्ग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला मुंबईतील केंद्रावर एक तासाचा वाढीव वेळ नाकारला गेल्याचे प्रकरण त्याच न्यायालयापुढे आले. परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेने चूक सुधारण्याचा मार्ग काढावा असे न्यायालयाने बजावले, पण फेरपरीक्षा देता आली नाही. ही विद्यार्थिनी बारावी आणि महाविद्यालय यांच्यामधल्या त्याच अरुंद जागेत अडकली होती. केंद्र शासनाने १० ऑगस्ट २०२२ रोजी चाळीस टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या, परंतु लिहिण्यास अडचण असणाऱ्या परीक्षार्थींसाठी स्वतंत्र सूचना काढल्या, आणि त्याच वर्षी ३ डिसेंबरला महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला.

नाशिकच्या इतिहासात या कोंडीला बगल देण्याचा एक निराळा प्रयत्न नोंदवलेला आहे. १९८९ मध्ये राज्य विधिमंडळाच्या अधिनियमाने नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू झाले. या विद्यापीठाने पूर्वतयारी शिक्षणक्रम नावाचा छोटा अभ्यासक्रम सुरू केला, जो पूर्ण करणाऱ्या प्रौढ व्यक्तीला बारावी उत्तीर्ण नसतानाही पदवीच्या अभ्यासक्रमाकडे जाता येत असे. ही योजना दिव्यांगांसाठी म्हणून आखलेली नव्हती. शाळा सुटलेल्या कामगार, गृहिणी आणि शेतकरी यांच्यासाठी ती होती. परंतु रोज वर्गात हजर राहण्याची सक्ती नसणे, स्वतःच्या वेगाने शिकणे आणि अध्ययनसाहित्य घरी मिळणे या तिच्या गुणांचा लाभ, ज्यांना जिने चढून वर्गात पोचणेच दुष्कर होते अशांनाही होणे स्वाभाविक होते. सर्वांसाठी आखलेली लवचीक रचना काहींसाठीच्या सवलतीचे काम आपोआप करते, ही जाणीव शिक्षणाच्या धोरणात पुढे फार रुजली नाही. नियमित कनिष्ठ महाविद्यालये पूर्वीच्याच साच्यात चालू राहिली, आणि दूरशिक्षणाकडे वळणे हे अनेकदा विद्यार्थ्याच्या निवडीपेक्षा इमारतीच्या पायऱ्यांनी ठरवले.

आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नववी ते बारावी हा चार वर्षांचा एकच टप्पा मानला आहे, आणि २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण महाराष्ट्रात एकाच ऑनलाइन प्रक्रियेने होऊ लागले आहेत. पंचवटीतील विद्यार्थ्याला या अर्जात आपल्या दिव्यांगत्वाची नोंद राखीव जागेसाठी करता येते. परंतु दहावीला त्याला कोणता लेखनिक, किती वेळ आणि कोणते माध्यम मंजूर झाले होते, ही माहिती प्रवेश देणाऱ्या कनिष्ठ महाविद्यालयाकडे त्या अर्जाबरोबर जात नाही. बारावीच्या परीक्षेचा अर्ज भरताना तो तीच प्रमाणपत्रे पुन्हा जोडतो, महाविद्यालय ती विभागीय मंडळाकडे पाठवते, आणि मंजुरीनंतर आपल्याहून खालच्या इयत्तेतील, आपली भाषा व आपला विषय समजू शकेल असा लेखनिक शोधण्याचे काम बहुधा त्याच्याच घरच्यांवर येऊन पडते.